तंतू, पीळ आणि वीण : सातारा-सांगलीच्या परंपरागत धागाकामाची ओळख

गुरांच्या गळ्यातील दावे, बैलाची वेसण आणि म्होरकी, औतकऱ्याच्या हातातील कासरा, मोटेचा नाडा, दुधा-दह्याची मडकी टांगण्याचे शिंके, मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधायचे मुसके, पाखरे राखण्याची गोफण, पावसात डोक्यावर घ्यायची घोंगडीची खोळ आणि रात्री अंगावर ओढायची वाकळ. आमच्या निवासी शाळेतील मुलांना आज ही नावे विचारली, तर निम्मी त्यांना परकी वाटतात. त्यांच्या आजोबा-आजींच्या हातांना मात्र या वस्तू पाठ होत्या.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तंतूपासून दोर, घोंगडी आणि कापड कसे तयार होत असे, याची तोंडओळख या लेखात आपण करून घेणार आहोत. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र वस्तूपाशी थांबून चालत नाही. ती वस्तू कोणी केली, त्याला तिचा कोणता मोबदला मिळाला आणि ते काम त्याने स्वतः निवडले होते काय, हे प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत.

तंतू आणि पीळ

तंतू प्रामुख्याने दोन ठिकाणांहून मिळतात : वनस्पतींपासून आणि प्राण्यांपासून. कापूस हा बीजावरचा तंतू आहे. अंबाडी आणि ताग यांचा तंतू खोडाच्या सालीतून निघतो, तर घायपाताचा तंतू पानातून. लोकर मेंढीच्या अंगावरची आणि रेशीम किड्याच्या कोशाचे. ही विभागणी आपल्या देशाला फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. विनयपिटकातील महावग्गात भिक्षूंच्या चीवरासाठी सहा प्रकारच्या वस्त्रांना अनुमती दिलेली आढळते. खोम म्हणजे जवसाच्या सालीचे, कप्पासिक म्हणजे कापसाचे, कोसेय्य म्हणजे रेशमी, कंबल म्हणजे लोकरीचे, साण म्हणजे तागाच्या जातीचे आणि सहावे भंग. भंग या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक भांगेच्या सालीचे, तर काही मिश्र तंतूंचे असा करतात.

एकटा तंतू दुबळा असतो. पुष्कळ तंतू एकत्र घेऊन त्यांना पीळ दिला की ते एकमेकांना घट्ट धरतात आणि धागा तयार होतो. दोर वळण्याचे सारे शास्त्र एका युक्तीत आहे. प्रत्येक पेडाला ज्या दिशेने पीळ दिला असेल, त्याच्या उलट दिशेने ते पेड एकमेकांभोवती वळावयाचे. पेडातील पीळ उलगडू पाहतो, तर दोराचा पीळ त्याला अडवतो. दोन्ही ओढी एकमेकींना रोखून धरतात आणि दोर आपोआप सुटत नाही. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात न वाचता पिढ्यान्‌पिढ्या हातांनी सांभाळले.

अंबाडी, घायपात आणि दोर

अंबाडी पावसाळ्याच्या आरंभी ज्वारी-बाजरीच्या पिकाबरोबर पेरली जाई. कोवळ्या पाल्याची भाजी होई आणि खोड वाढले की तंतूसाठी कापले जाई. खोडांच्या पेंढ्या बांधून त्या ओढ्याच्या अथवा डबक्याच्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवीत. पाण्यातील सूक्ष्मजीव सालीतील डिंकासारखे द्रव्य कुजवतात आणि तंतू सुटा होतो. मग त्या दुर्गंधी पाण्यात उभे राहून साल सोलायची, आपटून धुवायची आणि वाळवायची. कमी कुजले तर साल निघत नाही आणि जास्त कुजले तर तंतूच नासतो. नेमका दिवस ओळखणे हे अनुभवाचे काम होते.

घायपात ही मूळची मेक्सिकोची वनस्पती. आपल्याकडे ती बांधावर आणि माळावर कुंपणासाठी रुजली. तिची जाड, काटेरी पाने ठेचून, खरवडून आतील पांढरा वाख काढतात. पानांचा रस अंगाला लागला की खाज सुटते. वाखाचे पेड फिरकीवर वळून, एकाने फिरवीत आणि दुसऱ्याने वाख पुरवीत मागे सरत जायचे, मग तीन पेड एकत्र वळून दोर पुरा करायचा. घरातील बायका आणि मुले या कामात बरोबरीने राबत.

आपल्या भागात हे काम प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते. बेंदराच्या सणाला प्रत्येक शेतकऱ्याच्या बैलांना नवी म्होरकी, नवी दावी आणि नवे कासरे पोहोचते करावयाचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचे बलुते मागावयाचे, अशी रीत होती. दोराला भाव नव्हता. किती धान्य द्यावयाचे ते देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे आणि काम नाकारण्याची मुभा करणाऱ्याला नसे. त्याने वळलेल्या नाड्याने विहिरीतील मोट वर येई आणि पाटाने पाणी शेतात जाई. त्याच विहिरीवर आपली घागर भरण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. दोराचा इतिहास सांगताना हे वाक्य गाळले, तर तो इतिहास राहत नाही.

लोकर आणि घोंगडी

साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा पट्टा मेंढपाळांचा आहे. येथील दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुधा काळी असते. धनगर मेंढ्या राखीत आणि कातरीत, बायका सूत कातीत आणि सनगर समाजातील विणकर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणीत. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून ती कुंच्याने सारखी करीत, म्हणजे धागा ताठ होई आणि विणताना तुटत नसे. अशी घोंगडी पाऊस अडवते, थंडीत ऊब देते आणि रानात अंथरूणही होते.

आज या साखळीची पहिलीच कडी निसटली आहे. गिरणीतील स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीचे गिऱ्हाईक नेले. राठ लोकरीला भाव उरला नाही आणि मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीला आज मोठी मागणी आहे, ती तिच्या उंच बांध्यासाठी. तिच्या अंगावर लोकर फार थोडी असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीपासून जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्ण’ ही जात तयार केली, तिचा हेतूही कोकरांची संख्या वाढविण्याचाच आहे. मेंढपाळाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु लोकर गेली की कातणारी बाई आणि विणणारा माग यांनाही थांबावे लागते.

कापूस, माग आणि गिरणी

कापसाचे कापड साळी आणि कोष्टी समाजांतील विणकर हातमागावर विणीत. उभ्या ताण्यातून आडवा बाणा धोट्याने पार करावयाचा आणि फणीने ठोकून बसवावयाचा, हीच विणाईची मूळ कृती. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. सांगली जिल्ह्यातील विटा हे आज यंत्रमागाचे केंद्र आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. त्यानंतर सातारा जिल्ह्यातील हजारो माणसे पोटासाठी गिरणगावात गेली. गावाची जात गावात राहील, अशी आशा असेल तर ती फोल ठरली. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, या सबबीखाली जास्त मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणाई विभागात, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि या मागणीचा संपाच्या मागण्यांत समावेश व्हावा, असा आग्रह धरला. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ साठे हेही मुंबईस गेले, गिरणीत राबले आणि पुढे थोर साहित्यिक झाले.

गोणपाटाचा तुकडा

साताऱ्याच्या इतिहासात तागाच्या एका तुकड्याची नोंद ठेवली पाहिजे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. शाळेत त्यांना वर्गातील मुलांपासून दूर, गोणपाटाच्या वेगळ्या तुकड्यावर बसावे लागे. शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे, म्हणून तो रोज घरी न्यावा आणि पुन्हा आणावा लागे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणीत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी ते घरातील इतर मुलांसह मसूर स्थानकावर उतरले, तेव्हा अंगात नवे सदरे आणि रेशीमकाठी धोतरे होती. स्टेशनमास्तरने पोशाखावरून त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने चौकशी केली. जात कळताच तो मागे सरला. अंगावरचे कापड तेच होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची ओळख पटविणारी लुगड्याची नेसण आणि दागिने सोडण्याचा उपदेश केला, त्याचे मर्म येथे लक्षात येते.

वाकळ आणि चीवर

घरोघरच्या स्त्रियांनी जपलेली वाकळ ही कोणाच्याही बलुत्यात नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक मांडून, काठापासून आत धावदोरा घालीत ती शिवली जाते. झिजलेल्या कापडाला दुसरे आयुष्य देणारी ही कला चीवराची आठवण करून देते. मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून चीवर कसे शिवावे, हे तथागतांच्या सूचनेवरून आनंदांनी ठरविले, असे महावग्गात सांगितले आहे. संघात येणारा कोणत्याही कुळातील असो, त्याचे वस्त्र तेच असे.

शिकावे की सोडावे?

ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी विजेचा पंप आला, वाखाच्या जागी नायलॉन आले. दोर वळणारे हात मोकळे झाले. त्याचे आम्हांला दुःख नाही, कारण त्या हातांत नंतर पाटी-पेन्सिल आली. तरीही दोन गोष्टी मनाला बोचतात. ‘माझे आजोबा दोर वळीत’ असे सांगताना आमच्या वसतिगृहातील एखाद्या मुलाचा आवाज खाली येतो. आणि दुसरीकडे शहरातील प्रदर्शनांत त्याच दोराचे शिंके ‘ग्रामीण वारसा’ म्हणून चांगल्या किमतीला विकले जाते, बलुतेदारीला गावाच्या एकोप्याचे गोड नाव दिले जाते आणि वळणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

या दोन्ही वाटा आम्हांला मान्य नाहीत. धंदा जन्माने ठरला की माणसाची आवड आणि पात्रता यांना काही अर्थ उरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात दाखवून दिले. दोष दोरात नव्हता, तो सक्तीत होता. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की आजोबांचे ज्ञान हे ज्ञानच होते. ते अभ्यासा, वहीत उतरवा, हाताने करून पाहा. ते सर्व मुलांनी शिकावे, कोणा एका आडनावाच्या मुलांनी नव्हे. आणि उद्या पोटासाठी कोणते काम करावयाचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी म्हण आहे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यतेचा सुंभ जाळला. मनातला पीळ उलगडण्याचे काम शाळेचे आहे.

स्वाध्याय

१. घरातील अथवा गावातील वडीलधाऱ्यांकडून दोरांची किमान आठ नावे मिळवा आणि प्रत्येकाचा उपयोग लिहा.

२. अंबाडीच्या अथवा सुतळीच्या तंतूंचे दोन पेड उजवीकडे पिळून ते एकमेकांभोवती डावीकडे वळा. नंतर दोन्ही वेळा एकाच दिशेने वळून पाहा. फरकाचे कारण सांगा.

३. जुन्या घोंगडीचा अथवा गोणपाटाचा तुकडा भिंगातून पाहून ताणा आणि बाणा ओळखा.

४. दोर वळलेल्या, सूत कातलेल्या किंवा वाकळ शिवलेल्या एका व्यक्तीला भेटा. काम कसे करीत, हे विचारा. त्याचे काय मिळे, आणि नाही म्हणता येत होते काय, हेही विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने नावासह लिहून शाळेच्या ग्रंथालयात जमा करा.