आधी बाण काढ, मग कॅल्क्युलेटर

काल फोनवर रडकुंडीला येऊन म्हणालीस, "ताई, डीसीची गणितं मला पटापट यायची, एसी सुरू झालं आणि सगळं गेलं." अगं वेडाबाई, काहीही गेलेलं नाही. ओहमचा नियम तोच आहे, किरचॉफही तोच. बदलली आहे ती फक्त बेरीज.

माझीच फजिती ऐक. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला रेझिस्टन्स आणि कॉइल सिरीजमध्ये जोडले होते. दोघांवरची व्होल्टेज मोजली, बेरीज केली, तर सप्लायपेक्षा चांगली ऐंशी-नव्वद व्होल्ट जास्त! मी तडक लॅब असिस्टंट काकांकडे गेले, "मीटर खराब आहे." त्यांनी निमूटपणे दुसरा मीटर दिला. रीडिंग तेच. मग म्हणाले, "आणखी एक देऊ?" सगळी बॅच हसली.

आता हेच कागदावर कर. 30 ओहमचा रेझिस्टन्स, कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स 40 ओहम, सप्लाय 230 व्होल्ट. इम्पीडन्स 70 नाही, 50. करंट 4.6 अँपिअर. रेझिस्टन्सवर 138 व्होल्ट, कॉइलवर 184. सरळ बेरीज 322 येते, पण 138 आणि 184 चे वर्ग मिळवून वर्गमूळ काढ, बरोब्बर 230. कारण दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिगेला पोचत नाहीत. एक आडवा बाण, दुसरा त्याच्यावर काटकोनात उभा, आणि सप्लाय म्हणजे त्यांचा कर्ण. (खऱ्या कॉइलच्या तारेलाही थोडा रेझिस्टन्स असतो, म्हणून लॅबमध्ये काटकोन पुरता जमत नाही. ओरलला हे हमखास विचारतात.)

करंट मागे का पडतो, हे पाठ करू नकोस. भाजीवाल्याची भरलेली हातगाडी आठव. जोर आधी लावावा लागतो, वेग मागाहून येतो. कॉइलमध्ये व्होल्टेज म्हणजे जोर, करंट म्हणजे वेग. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणजे एक फेरा 20 मिलिसेकंदांचा. नुसती कॉइल असेल तर करंट पाव फेरा, 5 मिलिसेकंद, मागे. कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. पाणी आधी शिरतं, पातळी मग चढते, म्हणून तिथे करंट पुढे.

आणि त्या j ला घाबरू नकोस. "इमॅजिनरी" या नावानंच निम्मा वर्ग गारद होतो, फार वाईट नाव आहे ते. j ने गुणणं म्हणजे बाण घड्याळाच्या उलट दिशेनं 90 अंश वळवणं, बस. i हे अक्षर करंटनं आधीच अडवलंय, म्हणून j. पूर्वी लोक ही गणितं डिफरन्शियल इक्वेशननं सोडवत बसायचे. 1893 साली शिकागोच्या वीज परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी ती कॉम्प्लेक्स संख्यांनी कशी सुटतात ते मांडलं. तेव्हा ही युक्ती तुझा छळ करायला नाही, छळ वाचवायला आली आहे. फक्त सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एकच हवी.

उत्तर पडताळायची सवय मात्र लाव. वरच्या गणितात 230 गुणिले 4.6 म्हणजे 1058 व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर 30 भागिले 50, म्हणजे 0.6. पॉवर 634.8 वॅट. आता करंटचा वर्ग गुणिले 30 कर, तेवढेच वॅट आले पाहिजेत. नाही आले तर कुठेतरी घसरलीस.

पेपरला बसल्यावर पहिलं काम, कॅल्क्युलेटरवर tan 45 दाब. 1 आला तर ठीक. 1.62 आला तर तो रेडियनमध्ये आहे. माझे एका टर्मला पूर्ण आठ मार्क असेच गेले.

उद्या पॅरलल सर्किटचं एक गणित घे. त्यात व्होल्टेजचा बाण आडवा ठेव, करंटचे त्याच्या मागेपुढे काढ, आणि फक्त बाणांचा फोटो मला पाठव. उत्तर नको.