मुदत चुकू नये म्हणून : मोबाइलवरील कामांची यादी आणि आठवणीची घंटा

किरकोळ व्यापारात नुकसान दोन वाटांनी येते. एक, माल पडून राहिल्याने. आणि दुसरी, तारीख हुकल्याने. पहिल्या नुकसानीची चर्चा दुकानदार बंधू रोज करतात. दुसरीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, कारण ती थोडी थोडी होते. कोठे विवरणपत्राचे विलंब शुल्क, कोठे कर उशिरा भरल्याचे व्याज, कोठे परत आलेल्या चेकची नोटीस वेळेत न गेल्याने हातचा गेलेला हक्क. वर्षअखेरीस ही बेरीज केली तर ती एखाद्या नोकराच्या पगाराइतकी सहज भरते.

मुदतीचा विचार आपल्या व्यापाराला नवा नाही. तारीख, मुदत, वायदा, तगादा, वसुली हे बाजारातले रोजचे मराठी शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. 'हप्ता' हा शब्द तर फारसी 'हफ्त' म्हणजे सात, यावरून आला. हुंडीचेही दोन प्रकार होते. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी आणि ठरलेल्या दिवसांनी द्यावयाची ती मुद्दती. मुद्दती हुंडीचा दिवस लक्षात ठेवणे हे मुनिमाचे मोठे काम असे. कुरआन शरीफात सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीची नोंद लिहून ठेवण्याचा आदेश आहे, हे आपण सर्व जाणतोच.

आज मुनीम परवडत नाही. परंतु खिशातला मोबाइल त्या कामापैकी निम्मे काम करू शकतो. मात्र त्याला ते नीट सांगावे लागते. भंडाऱ्याच्या बाजारात कापडाचा धंदा करताना आम्ही पाहतो की, पुष्कळ बंधू फोनवर आठवण लावतात, ती वाजते, ते बंद करतात आणि काम राहून जाते. दोष फोनचा नसतो. घंटा चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या माणसाच्या फोनवर लावलेली असते. या लेखात ती कशी लावावी ते क्रमाने पाहू.

कोणते अ‍ॅप घ्यावे?

कामांच्या यादीची अ‍ॅप पुष्कळ आहेत. गूगल टास्क्स, टूडूइस्ट, मायक्रोसॉफ्ट टू डू ही त्यांतली माहितीतली नावे. आम्ही येथे मायक्रोसॉफ्ट टू डू हे उदाहरण घेतले आहे, कारण ते विनामूल्य आहे आणि त्यात घंटेची तारीख व कामाची शेवटची तारीख वेगवेगळी लिहिता येते. हे अ‍ॅप २०१७ साली आले. त्यापूर्वी २०१५ साली मायक्रोसॉफ्टने जर्मनीतील 'वुंडरलिस्ट' हे गाजलेले अ‍ॅप विकत घेतले होते. ६ मे २०२० रोजी ते बंद करण्यात आले आणि त्याच्या ग्राहकांना टू डूकडे वळावे लागले. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अ‍ॅप आज आहे, उद्या बंद होऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवाव्यात.

घंटा वेगळी, शेवटची तारीख वेगळी

अ‍ॅप उघडून 'अ‍ॅड अ टास्क' येथे कामाचे नाव लिहावे. मग त्या कामावर बोट ठेवले की आत तीन ओळी दिसतात. 'रिमाइंड मी' म्हणजे घंटा केव्हा वाजवायची. 'अ‍ॅड ड्यू डेट' म्हणजे कामाची शेवटची तारीख. 'रिपीट' म्हणजे काम पुन्हा पुन्हा येणार असेल तर किती काळाने.

बहुतेक लोक घंटा आणि शेवटची तारीख एकाच दिवशी लावतात. येथेच घोटाळा होतो. जीएसटीचे विवरणपत्र २२ तारखेला भरायचे असेल आणि घंटाही २२ लाच वाजली, तर बिले गोळा केव्हा करणार आणि सल्लागाराकडे केव्हा नेणार? घंटा काम सुरू करण्याच्या दिवशी वाजली पाहिजे. शेवटची तारीख २२ लिहावी आणि घंटा १५ ला लावावी.

या अ‍ॅपमध्ये एका कामाला एकच घंटा लागते. दोन वेळा आठवण हवी असेल तर दोन कामे लिहावीत. एक, 'बिले सल्लागाराकडे देणे', आणि दुसरे, 'भरणा झाला का ते पाहणे'. नाव लिहिताना नुसते 'जीएसटी' असे लिहू नये. घंटा वाजल्यावर हाताने काय करायचे ते नावातच असावे.

वेळेचाही विचार करावा. दुकानात गर्दी असते त्या वेळी वाजलेली घंटा वाया जाते. बँकेचे काम सकाळी दुकान उघडण्याआधी, वसुलीचे फोन दुपारच्या सवडीत आणि हिशेबाचे काम रात्री गल्ला मोजताना वाजावे. आपल्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तर अशी कामे मुळीच ठेवू नयेत.

पुन्हा पुन्हा येणारी कामे

'रिपीट'मध्ये रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षाला असे तयार पर्याय आहेत. शेवटी 'कस्टम' आहे. त्यात दर किती दिवसांनी, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हे आपण ठरवतो. व्यापाऱ्याला हाच पर्याय सर्वांत उपयोगी पडतो.

उदाहरणार्थ, वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्या आणि तिमाही पद्धत निवडलेल्या दुकानदाराला विक्रीचे विवरणपत्र म्हणजे जीएसटीआर-१ तिमाही संपल्यावरच्या महिन्यात १३ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत भरावे लागते. ही दोन कामे लिहून 'दर ३ महिन्यांनी' असे लावावे. परंतु तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ही रचना एका कामात बसत नाही. त्यासाठी दोन कामे करावीत. एक २५ मेपासून दर ३ महिन्यांनी आणि दुसरे २५ जूनपासून दर ३ महिन्यांनी. म्हणजे तिमाहीचे दोन्ही भरणे बरोबर त्यांच्या जागी येतात. कंपोझिशन योजनेतील बंधूंनी तिमाहीनंतरची १८ तारीख धरावी.

३बी विवरणपत्र उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये आणि काही देणे नसतानाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते. थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळे. सरकार कधी कधी तारखा पुढे ढकलते, म्हणून सल्लागाराला विचारून वर्षातून एकदा यादी तपासून घ्यावी.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. पुन्हा येणाऱ्या कामावर 'झाले' अशी खूण केली तरच त्याची पुढची पाळी यादीत येते. काम केले पण खूण केली नाही, तर ते जुन्याच तारखेवर अडकून राहते. आणि काम न करता नुसती खूण केली, तर तीन महिन्यांपर्यंत कोणी आठवण देणार नाही. म्हणून भरण्याची पावती हातात आल्यावरच खूण करावी, हा नियम पाळावा.

उधारी आणि धानाचे चुकारे

आपल्या जिल्ह्यात उधारीची मुदत बहुधा तारखेने ठरत नाही, धानाने ठरते. 'धान निघाल्यावर देतो' हा वायदा असतो. धान निघतो, केंद्रावर जातो आणि चुकारे खात्यावर जमा व्हायला आणखी दिवस लागतात. अशा वायद्याला एक तारीख लावून रोज घंटा वाजवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाजवळ पैसे नसताना केलेला तगादा वसुली आणत नाही, मात्र गिऱ्हाईक घालवतो. त्याऐवजी डिसेंबरच्या मध्यापासून आठवड्याला एकदा 'चुकारे जमा होऊ लागले का, चौकशी करणे' असे एकच काम ठेवावे. उत्तर 'होय' आले की मग त्या गावच्या खात्यांना एकेक तारीख द्यावी. अडचणीतल्या माणसाची घंटा पुढे सरकवायला दोन क्षण लागतात. तेवढी सवलत फोनही देतो, आपणही द्यावी.

कामाच्या नावात गिऱ्हाइकाचे नाव आणि रक्कम लिहू नये. फोन गल्ल्यावर पडलेला असतो, घंटा वाजते आणि चार लोकांसमोर कोणाची उधारी किती ते पडद्यावर झळकते. 'खाते पान ४२' एवढे लिहिले तरी आपल्याला कळते आणि त्याची अब्रूही राखली जाते.

मोठ्या खात्यांसाठी दुसरी एक घंटा हवी. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे आहे. ती संपण्यापूर्वी देणेदाराने बाकी कबूल करून लेखी सही दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. म्हणून अशा खात्यावर अडीच वर्षांनी 'बाकीवर सही घेणे' अशी आठवण लावून ठेवावी.

आपल्याला द्यायचे पैसेही यादीत हवेत

घेण्याच्या तारखा सर्वांना आठवतात, देण्याच्या कमी लोकांना. मोहाडी-आंधळगावचा विणकर कोशाचे कापड देऊन जातो आणि पैशाची वाट पाहतो. त्याचे पुढचे सूत त्या पैशावर अवलंबून असते. कायदाही आता त्याच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतल्यास लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली की, या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. माल दुकानात उतरवून घेतला त्याच दिवशी १० व्या दिवसाची घंटा लावावी.

परत आलेला चेक

येथे एक दिवसाची चूकही महाग पडते. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ नुसार, चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्यास १५ दिवस मिळतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात फिर्याद करायची असते. म्हणून तीन कामे लिहावीत. बँकेचा कागद मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी 'कागद वकिलांकडे देणे'. विसाव्या दिवशी 'नोटीस गेली का पाहणे'. आणि नोटीस पोचल्याची तारीख कळताच त्यापासून १६ व्या दिवशी 'पैसे आले नसल्यास वकिलांना भेटणे'. चेक स्वतः तारखेपासून तीन महिनेच चालतो, हेही विसरू नये.

सणांना 'वार्षिक' चालत नाही

कापड व्यापाऱ्याचा मोसम सणांवर असतो आणि येथे फोनचा 'दर वर्षी' हा पर्याय फसवतो. रमजान ईद २०२४ मध्ये ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ती दर साल मागे सरकते. दिवाळीची तारीखही बदलते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या २०-२१ तारखेला आली. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, तीही त्याबरोबर सरकते. गेल्या वर्षीच्या तारखेला सुरतेची मागणी नोंदवली तर माल मोसम उतरल्यावर यायचा. म्हणून वार्षिक घंटा एकच लावावी, 'नव्या कॅलेंडरवरून सणांच्या तारखा लिहिणे'. मग प्रत्येक सणाच्या दोन महिने आधी मागणीची आणि तीन आठवडे आधी माल पोचल्याची चौकशी करण्याची आठवण त्या वर्षापुरती लिहावी.

घंटा वाजलीच नाही तर?

अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली अ‍ॅप झोपवतो. सेटिंग्जमध्ये या अ‍ॅपला नोटिफिकेशनची परवानगी आहे का आणि बॅटरीचे बंधन काढले आहे का, हे पाहावे. लावून झाल्यावर पाच मिनिटांनंतरची एक घंटा लावून परीक्षा घ्यावी. यादी मुलाबरोबर किंवा मुनिमाबरोबर वाटून घेता येते. परंतु काम ज्याच्या हातून व्हायचे, त्याच्या फोनवर घंटा लागली आहे का, तेही प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

सुरुवातीस पंचवीस कामे लिहू नयेत. दिवसभर वाजणाऱ्या घंटेकडे कोणी लक्ष देत नाही. ज्यांच्या चुकण्याने दंड पडतो किंवा कोणाचे पैसे अडतात, अशी पाचच कामे या आठवड्यात लिहावीत. कराचा भरणा, विमा, देणे असलेल्या विणकराची तारीख, सर्वांत जुने खाते आणि येणाऱ्या सणाची मागणी. एक तिमाही ही पाच कामे वेळेवर झाली की, सहावे काम कोणते लिहायचे ते आपोआप समजेल.