वार्धक्यातील स्थलांतर आणि देशविचार : नाशिक परिसराच्या संदर्भात

निवृत्तीनंतर मुंबई, ठाणे, कल्याण या भागांतून नाशिकला कायमचे राहावयास येणारी मंडळी आता आपणां सर्वांच्या चिकित्सालयांत नित्य दिसतात. येण्यापूर्वी यांपैकी अनेक जण ओळखीच्या वैद्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : "डॉक्टर, इथली कोरडी हवा आम्हाला मानवेल ना?" प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर आयुष्यभराच्या कमाईचे घर विकले जाणार असते. त्यामुळे 'नाशिकची हवा उत्तम' एवढेच सांगून वैद्याने मोकळे व्हावे, हे आम्हांस उचित वाटत नाही. या प्रश्नाला शास्त्राधारे उत्तर कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात देश या संज्ञेखाली भूमी आणि आतुर या दोहोंची परीक्षा सांगितली आहे. रुग्ण कोठे जन्मला, कोठे वाढला, कोठे व्याधिग्रस्त झाला, आणि त्या भूमीतील लोकांचा आहारविहार कसा असतो, हे विचारणे परीक्षेचाच भाग आहे. भूमीचे जांगल, आनूप व साधारण हे भेद सर्वांना परिचित आहेत. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात आरोग्यकर देशांत मरुभूमीला अग्रस्थान दिले आहे आणि अहितकर देशांत आनूपाला. घरांच्या जाहिरातींतील 'कोरडी व आरोग्यदायी हवा' या शब्दांना जणू संहितेचाच आधार आहे, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु हे वचन एकटे वाचून चालत नाही. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात जांगल देशाचे वर्णन करताना तो वातपित्तप्रधान असल्याचे चरकांनी स्पष्ट केले आहे. वाग्भटही जांगलाला वातभूयिष्ठच म्हणतात. दुसरीकडे, वार्धक्य हा वाताचा काळ आहे. चरकमते साठीनंतर आणि सुश्रुतमते सत्तरीनंतर वृद्धावस्था सुरू होते, हा वर्षांचा फरक सोडला तर वातप्राधान्याविषयी मतभेद नाही. म्हणजे जो देश सर्वसामान्यतः आरोग्यकर, तोच वृद्धाच्या वयाशी समानगुणी ठरतो. रूक्षाला रूक्षाची जोड मिळाली की काय होते, हे सांगावयास नको. आमच्या मते स्थलांतराविषयीच्या सल्ल्याचा सारा गाभा या विरोधातच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. देशभेद शिकविण्यासाठी नाशिकसारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरी. तेथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, धुके उतरते, कपडे वाळत नाहीत. तेथून पूर्वेस सुमारे ४५ किलोमीटरवर नाशिक शहर येते, तो पाऊस सुमारे ७०० मिलिमीटरवर उतरतो. आणखी पूर्वेस सिन्नर, येवल्याकडे तो ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. तेथे बाभूळ, बोर, निंब, उघडे आकाश आणि उन्हाळ्यात अंगावर येणारा कोरडा वारा. एका दिवसात मोटारीने आनूपसदृश, साधारण व जांगल असे तिन्ही देश पाहून परत येता येते. तापमानाचेही तसेच. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या नाशिकच्या रात्री सुखद असतात खऱ्या. पण त्याच जिल्ह्यात मालेगावचा पारा उन्हाळ्यात ४३ अंशांपलीकडे जातो आणि निफाडचा पारा काही वर्षी हिवाळ्यात ५ अंशांच्या खाली उतरतो. मुंबईत जन्म घालविलेल्या वृद्धाने दिवस व रात्र यांतील एवढा फरक कधी अनुभवलेला नसतो.

देवळालीची ख्याती जुनी आहे. लष्करी छावणीबरोबरच पारशी, गुजराती आदी समाजांची आरोग्यभुवने तेथे उभी राहिली आणि मुंबईची कुटुंबे हवापालटासाठी तेथे येत राहिली. मात्र ती मंडळी काही आठवडे राहून, वजन वाढवून परत जात. हवापालट आणि स्थायी निवास यांत फरक आहे. पथ्यकर औषध आठ दिवस घेणे आणि तेच जन्मभर अन्नासारखे घेणे, इतका तो मोठा आहे.

सुश्रुताचार्यांनी आतुरोपक्रमणीय अध्यायात एक मार्मिक विचार मांडला आहे. स्वदेशात संचित झालेले दोष दुसऱ्या देशात प्रकुपित झाले तर ते तितके बलवान राहत नाहीत, असे सांगून त्यांनी पाण्यातून जमिनीवर आणलेल्या जलचरांचा दृष्टांत दिला आहे. आनूपातील कफाचा रुग्ण जांगलात आल्यावर त्याची व्याधी का मंदावते, याचे याहून सुबोध स्पष्टीकरण आम्हांस माहीत नाही. दमट हवेत बळावणारा तमक श्वास, जुनाट प्रतिश्याय, स्थौल्यासह येणारे जडत्व अशा रुग्णांना नाशिकच्या पूर्वभागाचा लाभ होतो, असा आमचा अनुभव आहे.

पण स्थलांतर एकटा रुग्ण करीत नाही, दांपत्य करते, आणि येथे प्रश्न अवघड होतो. ठाण्याच्या खाडीकाठी तीस वर्षे राहिलेले एक जोडपे आमच्या पाहण्यात आहे. पती सदुसष्ट वर्षांचे, तमक श्वासाचे रुग्ण. पत्नी त्रेसष्ट वर्षांच्या, कृश, संधिगत वात व मलावष्टंभ असलेल्या. पतीच्या श्वासासाठी म्हणून त्यांनी ठाण्यातील सदनिका विकून सिन्नरजवळ बंगला घेतला. पुढील पावसाळ्यात पतीला श्वासवेग जवळजवळ आले नाहीत. पत्नीचे मात्र पहिल्याच फाल्गुनात गुडघे धरले, झोप गेली, त्वचा फुटू लागली, मलप्रवृत्ती तीन-तीन दिवसांनी होऊ लागली. अभ्यंग, मात्राबस्ती व घृतपानाने त्यांना उपशय मिळे; उपचार थांबले की पुन्हा पूर्ववत. परत जाण्यास घर उरले नव्हते. अखेरीस बंगला भाड्याने देऊन ही मंडळी नाशिक शहराच्या पश्चिम बाजूस, गंगापूर रस्त्याकडे राहावयास आली. आता पतीला श्रावणात थोडा कास होतो, पत्नीला निम्मा आराम आहे. दोघांनाही सर्वोत्तम नाही, पण दोघांनाही सोसवेल असा हा साधारण देश ठरला. पहिल्या भेटीतच पत्नीची नाडी व प्रकृती पाहिली गेली असती तर मधली दोन वर्षे वाचली असती. परंतु रुग्ण म्हणून नाव एकट्या पतीचेच होते.

कोरड्या देशाचे हे आकर्षण आपल्यापुरतेच नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्याच्या वाळवंटी प्रदेशात क्षय व श्वासाचे रुग्ण पूर्वीपासून जात असत. फिनिक्स शहराजवळ निवृत्तांसाठी वसविलेली सन सिटी ही वसाहत १९६० च्या जानेवारीत खुली झाली आणि पुढे तशा अनेक वसाहती निघाल्या. आपल्यापैकी अनेकांचे रुग्ण मुलांकडे त्या भागात सहा-सहा महिने राहून येतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. त्याच फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर गेले होते. तेथील मातीतील बुरशी धुळीबरोबर श्वासातून जाऊन फुप्फुसाचा एक विशिष्ट ज्वरयुक्त विकारही होतो. तेव्हा मरुभूमी अल्परोगी असली तरी ती नीरोगी नव्हे. तेथून परतलेल्या वृद्धास कास व ज्वर दीर्घकाळ राहिल्यास हा इतिहास आवर्जून विचारावा आणि रुग्णास फुप्फुसतज्ज्ञाकडे पाठवावे.

सात्म्याचा विचार न करता देश बदलणे म्हणजे सवयीचे अन्न एका दिवसात सोडण्यासारखे आहे. सवयीच्या गोष्टी पादांशक्रमाने सोडाव्यात आणि नव्या तशाच क्रमाने स्वीकाराव्यात, असे चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. हाच क्रम घर बदलताना लावावा, असे आम्ही रुग्णांना सांगतो. जुने घर लगेच विकू नये. नव्या गावी भाड्याने राहून सहाही ऋतू अनुभवावेत. बहुतेक मंडळी श्रावण-भाद्रपदात डोंगर हिरवे असताना जागा पाहण्यास येतात, गोदावरीला पाणी असते, हवा गार असते, आणि त्याच आनंदात पैसे भरून जातात. जागा वैशाखात, दुपारी दोन वाजता पाहावी. आणि पौषात पहाटे पाच वाजता. प्रत्यक्ष मुक्काम हलविण्यासाठी हेमंताचा आरंभ आम्हांस योग्य वाटतो. त्या काळी बल व अग्नी उत्तम असतात, स्निग्ध आहार पचतो, आणि ग्रीष्म येईपर्यंत शरीराला स्नेहाची तयारी करण्यास चार-पाच महिने मिळतात.

आहाराच्या बाबतीत भात-आमटीवर वाढलेला किनारपट्टीचा मनुष्य पूर्वेकडे आल्यावर हौसेने बाजरीवर येतो. बाजरी रूक्ष व उष्ण. श्रम करणाऱ्या शेतकऱ्यास ती पचते व मानवते, बैठ्या वृद्धास तूप-लोणी भरपूर असल्याशिवाय मानवत नाही. (नाशिकच्या मिसळीविषयी लिहून स्थानिक वाचकांचा रोष आम्ही ओढवून घेऊ इच्छित नाही, महिन्यातून एकदा, एवढेच सांगतो.)

कोठे राहावे याविषयी संहितेतील सर्वांत व्यवहार्य मार्गदर्शन आम्हांस रसायनाध्यायातील कुटीच्या वर्णनात आढळते. कुटी निर्भय स्थानी असावी, जवळ वैद्य व सज्जनांची वस्ती असावी, लागणारी उपकरणे सहज मिळावीत, भिंती जाड व गवाक्षे लहान असावीत, ती सर्व ऋतूंत सुखकर असावी, अशी ही लक्षणे आहेत. गावाबाहेरच्या निसर्गरम्य प्रकल्पांना ही कसोटी लावून पाहावी. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागल्यास रुग्णालय किती मिनिटांवर आहे? शेजारच्या किती घरांत दिवा लागतो? पश्चिमेकडे तोंड केलेल्या मोठ्या काचा ग्रीष्मात घर तापवितात, हे जागा दाखविणारा सांगत नाही. बोअरचे जड पाणी असल्यास पिण्याचे पाणी कोठून येणार, हेही विचारावे. द्राक्षबागांच्या लगत घर असल्यास फवारणीच्या दिवसांत श्वासाच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. घर मुलांच्या नावे करून देण्याची घाईही अनेक जण याच वेळी करतात. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, परत मागता येते. मात्र अट लेखी असावी, एवढे त्यांना वकिलाकडून समजून घेण्यास सांगावे.

औषधी विक्रेत्यांसाठी दोन शब्द. नव्याने आलेला वृद्ध प्रथम आपल्या दुकानातच येतो आणि पोट साफ होण्याचे चूर्ण मागतो. रोज रेचक देत गेल्याने रूक्षता वाढून मूळ तक्रार बळावते. अशा ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. इसबगोल दिल्यास पुरेशा पाण्याबरोबर घेण्याची सूचना अवश्य द्यावी, कमी पाण्यात ते आतड्यात अडकू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कोरड्या उन्हाळ्यात शरीरातील जलांश व क्षार घटून चक्कर येऊ शकते. मुंबईच्या जुन्या चिठ्ठीवर वर्षभर तीच मात्रा देत न राहता ती ज्यांनी लिहिली त्यांच्याकडून तपासून घेण्यास सांगावे. श्वास कमी वाटू लागला म्हणून ओढावयाचे औषध स्वतःहून बंद करणाऱ्यांनाही तसेच अडवावे.

व्यवसायबंधूंना आमची एक सूचना आहे. रुग्णपत्रिकेवर पत्त्याखाली आणखी तीन रकाने आखावेत : पूर्वीचा निवास व तेथील वर्षे, येथे आल्याचा महिना, आणि बरोबर राहणाऱ्या जोडीदाराची प्रकृती. पहिले वर्ष प्रत्येक ऋतुसंधीच्या चौदा दिवसांत दोघांनाही एकत्र बोलावून वजन, निद्रा, मलप्रवृत्ती व सांध्यांची स्थिती त्याच पत्रिकेवर लिहावी. घर विकण्याविषयी विचारणा झाल्यास ही पत्रिका समोर ठेवून उत्तर द्यावे.