सर्व्हर कुठल्या गावचा?

पुणे

चि. मुक्ता,


फराळाच्या ऑर्डरी यंदा वेबसाइटवरून घेणार आहेस, हे फार छान झालं. पण स्वस्तात मिळतंय म्हणून अमेरिकेतल्या सर्व्हरवर तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नकोस.

तुझं गिऱ्हाईक कोथरूडचं, सिंहगड रोडचं, चिंचवडचं. त्यानं मोबाइलवर तुझं पान उघडलं की मागणी समुद्राखालच्या केबलमधून पार व्हर्जिनियाला जाऊन परत येणार. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जवळपास तेरा हजार किलोमीटर जायचं आणि तितकंच यायचं, म्हणजे 130 मिलिसेकंद झाले. केबल वळसे घेत जाते, तेव्हा प्रत्यक्षात 200च्या वरच धर. शिवाय एका खेपेत भागत नाही. आधी जोडणी, मग एनक्रिप्शनच्या किल्ल्या ठरणार, मग पान मागायचं. पहिलं अक्षर दिसायच्या आत तीन खेपा होतात. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसता येण्याजाण्यात जातो. सर्व्हर कितीही दणकट घे, हा वेळ वाचत नाही. मुंबईची खेप मात्र थोड्याच मिलिसेकंदांत होते.

आणि आता जवळ सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर 2015 पासून आपल्या पुण्यातच आहे. यादीत ते ‘सेंट्रल इंडिया’ नावानं असतं, म्हणून पुणेकरांच्याही लक्षात येत नाही. ॲमेझॉन 2016 मध्ये मुंबईत आलं, गूगल 2017 मध्ये. एवढ्या मोठ्या कंपनीकडे जायची तुला गरज नाही. छोट्या होस्टिंगवाल्याला फक्त सर्व्हर कुठल्या शहरात आहे ते विचार, आणि उत्तर ईमेलवर घे. ऑफिस बाणेरला असलं म्हणून सर्व्हर इथला असतो असं नाही. मग घरून पिंग करून खेपेला किती वेळ लागतो ते बघ. मध्ये सीडीएन, म्हणजे पानाच्या प्रती जागोजागी साठवून ठेवणारी सेवा, असेल तर तो आकडा फसवा असतो, हे ध्यानात ठेव.

न्यू जर्सीहून ऑर्डर देणाऱ्यांसाठी तोच सीडीएन लाव. फोटो त्यांना तिकडच्या साठ्यातून मिळतील. ऑर्डर इथवर यायला क्षणभर लागेल, तेवढं चालतं.

पण चकलीचे ते पाच-पाच एमबीचे फोटो आधी लहान कर गं! ते तसेच ठेवलेस तर सर्व्हर सदाशिव पेठेत आणूनही पान रखडेल.

आधी महिन्याचाच प्लॅन घे. रिन्यूअलचा दर आणि बॅकअप रोजचा आहे का, एवढं विचारून ठेव. रविवारी लॅपटॉप घेऊन ये, पान नेमकं कुठे अडतं ते ब्राउझरमध्ये दाखवतो.

तुझा,
मामा