अभ्यासपाठ : रुग्णालयातील संगणक-सेवा – आपल्या मुलांसाठी एक वाट



कोपरगाव परिसरातील भिल्ल वस्त्यांवरची आणि अकोले तालुक्यातील ठाकर व महादेव कोळी वाड्यांवरची मुले बारावी झाली की त्यांच्यापुढे दोन-तीनच नावे असतात : पोलीस भरती, नर्सिंग, नाहीतर एखाद्या कार्यालयात शिपाई. भरतीत जागा थोड्या, नर्सिंगची फी जड. दोन प्रयत्न फसले की शिकलेले मूल पुन्हा कोयता हाती घेऊन उसाच्या फडात उभे राहते. म्हणून या पाठात एका वेगळ्या कामाची ओळख करून घेऊ. रुग्णालयात त्याला ‘आयटी सपोर्ट’ म्हणतात. शिर्डी, लोणी, संगमनेर, नाशिक येथील मोठ्या रुग्णालयांमुळे हे काम आपल्या मुलांना घरापासून फार लांब न जाता मिळू शकते.

१. हे काम नेमके काय?

रुग्ण दारातून आत आला की केसपेपर संगणकावर निघतो. रक्ताच्या नळीवर बारकोड लागतो. एक्स-रे काढला की त्याचे चित्र तारेवरून डॉक्टरांच्या पडद्यावर जाते. औषधाची पावती, बिल, डिस्चार्जचा कागद, सगळे एकाच जाळ्यात गुंफलेले असते. यातला एक धागा तुटला की मागची रांग थांबते. तो धागा जोडणारा माणूस म्हणजे आयटी सपोर्टवाला. प्रिंटर, संगणक, लॅनची तार, यूपीएस, पासवर्ड, रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरच्या अडचणी, हे त्याचे रोजचे काम.

आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली; तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तिच्यात रुग्णाची नोंद आरोग्यमित्र संगणकावर करतो आणि ठरलेल्या शस्त्रक्रियांची पूर्वमंजुरीही ऑनलाइन येते. नेट बंद पडले तर रेशनकार्ड हातात धरून आलेली म्हातारी खिडकीपाशी बसून राहते. शहरातला माणूस आवाज चढवतो. आपली म्हातारी काही बोलत नाही. संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून उठून निघून जाते. मी हे पाहिले आहे. कागदोपत्री ती ‘आलीच नाही’ अशी नोंद राहते.

२. आपल्या मुलांनाच हे का जमावे?

आपल्याच जिल्ह्यात याचे उत्तर आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या होत्या. बाळंतपण, कुपोषण, अतिसार यांचे ज्ञान त्यांनी घेतले, कारण ते त्यांच्या भाषेत, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा शिकवले गेले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे ज्ञान डॉक्टरांपुरते आहे असे वाटत होते, त्याचा मोठा भाग गावातल्या माणसाच्या हाती सुरक्षित राहू शकतो, हे जामखेडने दाखवले.

संगणकाचेही तसेच आहे. तार कशी जोडायची हे सहा महिन्यांत शिकता येते. पण घाबरलेल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलणे, चिडलेल्या सिस्टरचे ऐकून घेणे, रात्री दोनला न कुरकुरता उठणे, हे वर्गात शिकवता येत नाही. आपल्या वसतिगृहातल्या मुलांकडे ते आधीच असते.

३. शिकण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी : एमएस-सीआयटी आणि मराठी-इंग्रजी टायपिंग. एवढ्यावर केसपेपरच्या खिडकीवर किंवा डेटा एंट्रीला काम मिळू शकते. रुग्णालय कसे चालते हे तिथेच कळते.

दुसरी पायरी : शासकीय आयटीआयचा कोपा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, किंवा संगणक देखभालीचा दोन वर्षांचा आयसीटीएसएम. दोन्हींना दहावी पास चालते. मुलगा किंवा मुलगी पदवीच्या मार्गाने जाणार असेल तर बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्र.

तिसरी पायरी : नेटवर्कचे ज्ञान. तार क्रिंप करणे, आयपी पत्ता, स्विच, राऊटर, वायफाय. पुढे सीसीएनए किंवा कॉम्पटिया ए प्लस यांसारखी परीक्षा. तिची फी बरीच असते, म्हणून ती नोकरी लागल्यावर द्यावी. कर्ज काढून नव्हे.

चौथी पायरी : रुग्णालयाची खास भाषा. एक्स-रे व सीटी स्कॅनची चित्रे ज्या पद्धतीने साठवतात व पाठवतात ती डायकॉम. तपासण्यांची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी एचएल सेव्हन. आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक. हे जाणणारा माणूस साध्या संगणक-दुरुस्तीवाल्यापेक्षा वेगळा ठरतो. पुढे तो नेटवर्क सांभाळणारा किंवा रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचा प्रमुखही होऊ शकतो.

४. कामाची शिस्त

आधी रुग्ण, मग यंत्र. चार तक्रारी एकदम आल्या तर अपघात विभागाची पहिली, हिशेब विभागाची शेवटची.

आपली हद्द ओळखावी. व्हेंटिलेटर, मॉनिटर ही बायोमेडिकल विभागाची यंत्रे. त्यांचा प्लग यूपीएसमधून काढून तिथे आपला लॅपटॉप लावू नये. आयसीयूत जाताना सिस्टरची परवानगी घ्यावी, हात धुवावेत.

आज संगणक बंद पडलाच तर काम कसे चालेल, याची तयारी ठेवावी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे तिथे नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत बरेचसे काम हाताने करावे लागले. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाची ही गत, तर तालुक्याच्या रुग्णालयाने किती जपावे! छापील कोरे फॉर्म प्रत्येक वॉर्डात असावेत. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक इमारतीबाहेर, हा बॅकअपचा साधा नियम आहे. आणि बॅकअप उघडतो की नाही हे अधूनमधून उघडून पाहावे.

गुपित राखावे. कोणाला क्षयरोग आहे, कोणाची एचआयव्ही तपासणी झाली, कोणती मुलगी का दाखल झाली, हे सारे आयटीवाल्याला दिसू शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे ही कायद्याचीही बाब झाली आहे. पण कायद्याआधीची गोष्ट अशी की वस्तीत एक शब्द पसरला तर एका मुलीचे लग्न मोडते.

५. सावधगिरीचे दोन शब्द

ही नोकरी पुष्कळदा थेट रुग्णालयाची नसते, ठेकेदाराकडून असते. आमच्या परिचयाच्या एका भिल्ल तरुणाला एका एजन्सीने आठ महिने नेमणूकपत्राशिवाय राबवले. पगार कधी रोख, कधी अर्धा. तो कामात चोख होता, म्हणूनच त्याला सोडवत नव्हते. शेवटी गावातले दोन जाणते त्याच्यासोबत गेले, तेव्हा कागद हातात पडला. पुढे त्या कागदावरच्या अनुभवाच्या जोरावर त्याला दुसरीकडे बरे काम मिळाले. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून सांगावे : नेमणूकपत्र मागा, पगार बँकेत घ्या, पीएफचा क्रमांक विचारा, रात्रपाळीचे तास लिहून ठेवा.

पहिले वर्ष सर्वांत अवघड असते. पगार कमी, खोलीचे भाडे असते, आणि घरून निरोप येतो, “मुकादमाने उचल दिलीय, ये.” बहुतेक मुले इथेच गळतात, अभ्यासात नव्हे. त्या वर्षी कोणी रविवारी जेवायला बोलावले, जुना लॅपटॉप दिला, ठेकेदाराकडे सोबत गेले, तर मूल टिकते. आणि ते टिकले तर खिडकीमागे असा एक माणूस बसतो, जो म्हातारीला तिच्याच बोलीत सांगतो : “आजी, थांब थोडी. नेट येतंय. तुझी एसटी चुकली तर मी बघतो.”

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत रुग्णालयात, संगणकाच्या किंवा नेटवर्कच्या कामात असलेले कोण आहेत? ते महिन्यातून एक शनिवार मुलांना शिकवू शकतील का?

२. आपल्या ओळखीच्या बारावी झालेल्या मुलामुलींपैकी कोणाला यंत्राची आणि माणसांचीही आवड आहे?

३. नोकरीच्या पहिल्या वर्षात त्या मुलाला पैशांखेरीज आणखी कशाची गरज भासेल? त्यातले आपण काय देऊ शकतो?