विजय कोणाचा? बेसबॉलमधल्या दुर्लक्षित पिचरांची गोष्ट

आज जरा वेगळा विषय घेऊया. विषय अमेरिकेतल्या बेसबॉलचा आहे, पण त्यात सरासरीचं गणित आहे आणि आकड्यांवरून माणसाची किंमत कशी करायची हा प्रश्नही आहे. त्यामुळे हा खेळ कधी पाहिला नसला तरी बिघडत नाही. लागतील तेवढे नियम मी सांगत जाते.

आधी एक कोडं. साल २०१०. अमेरिकन लीगमधले दोन पिचर. पहिल्याच्या नावावर २१ विजय, ७ पराभव. दुसऱ्याच्या नावावर १३ विजय, १२ पराभव. दोघांत चांगला कोण?

तुम्ही पहिला म्हणालात ना? बहुतेक जण तेच म्हणतील. आता थोडे नियम पाहू, मग परत या कोड्याकडे येऊ.

पिचर आणि त्याचा ‘विजय’

पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. आपल्याकडे गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि पुढचं षटक दुसरा घेतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. एकदा पिचर उभा राहिला की बदलला जाईपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो. सामना नऊ इनिंगचा असतो. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन जण बाद झाले की पाळी संपते. सामना सुरू करणाऱ्या पिचरला ‘स्टार्टर’ म्हणतात. तो थकला की मागून येणारे ते ‘रिलीव्हर’.

आता गंमत अशी की बेसबॉलमध्ये सामना संघ जिंकतो, पण तो विजय एका पिचरच्या नावावर लिहिला जातो. स्टार्टरला हा विजय मिळायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. त्याने किमान पाच इनिंग टाकायच्या, तो मैदान सोडतो तेव्हा त्याचा संघ पुढे असायला हवा, आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी.

नीट बघा. यातली पहिली अट त्याच्या हातात आहे. दुसरी अर्धीच, कारण धावा करायच्या त्या त्याच्या फलंदाजांनी. तिसरी तर मुळीच नाही, कारण तेव्हा तो बाकावर बसलेला असतो. एखाद्याने आठ इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि त्याच्या संघाला शून्यावर समाधान मानावं लागलं, तर पराभव त्याच्या नावावर. दुसऱ्याने पाच इनिंगमध्ये पाच धावा दिल्या पण संघाने नऊ केल्या, तर विजय त्याच्या नावावर!

पिचरला मोजायचं आणखी एक जुनं माप आहे: अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज, थोडक्यात ईआरए. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून पिचरने किती धावा दिल्या ते घ्या, त्याला ९ ने गुणा आणि टाकलेल्या इनिंगने भागा. म्हणजे हा पिचर नऊ इनिंगला सरासरी किती धावा देतो ते कळतं. हा आकडा जितका कमी, तितका पिचर चांगला.

कोड्याचं उत्तर

२१ विजयवाला पिचर म्हणजे न्यूयॉर्क यांकीजचा सीसी सबाथिया. त्याचा ईआरए ३.१८. चांगलाच म्हणायचा. १३ विजयवाला म्हणजे सिॲटल मरिनर्सचा फेलिक्स हर्नांडेझ, व्हेनेझुएलाहून आलेला, तेव्हा २४ वर्षांचा. त्याचा ईआरए २.२७! इनिंगही त्यानेच जास्त टाकल्या. मग विजय कमी का?

त्या वर्षी यांकीजने १६२ सामन्यांत ८५९ धावा केल्या, मरिनर्सने ५१३. भागाकार करून पाहा: एकाच्या पाठीशी सामन्याला पाचाच्या वर धावा, दुसऱ्याच्या पाठीशी जेमतेम तीन. मरिनर्स त्या मोसमात १०१ सामने हरले. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचरच्या जागी वेगळाच खेळाडू फलंदाजी करतो, त्यामुळे बॅट हातात घेऊन स्वतः चार धावा काढाव्यात म्हटलं तर तेही हर्नांडेझला सहसा शक्य नव्हतं. आणि याच धावा कुटणाऱ्या यांकीजविरुद्ध तो तीनदा उतरला आणि तिन्ही सामने जिंकला. तेव्हा त्याचा ईआरए होता ०.३५.

वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला साय यंग पुरस्कार मिळतो. तो क्रीडा पत्रकारांच्या मतांवर ठरतो. २०१० मध्ये २८ पैकी २१ जणांनी हर्नांडेझला पहिली पसंती दिली. तेव्हा यावर मोठा वाद झाला. १३ विजयांवर साय यंग? हे अनेकांच्या पचनीच पडेना.

हे माप आलं कुठून?

चाहत्यांना वेडं ठरवू नका. ज्या साय यंगच्या नावाने हा पुरस्कार आहे तो १८९० ते १९११ या काळात खेळला. त्याने ८१५ सामने सुरू केले आणि त्यातले ७४९ स्वतःच पूर्ण केले. रिलीव्हर फारसे लागतच नसत. सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकाच माणसाचा असेल, तर विजय त्याच्या नावावर लिहिण्यात काहीतरी अर्थ होता. त्याचे ५११ विजय हा आजही न मोडलेला विक्रम आहे. पुढे खेळ बदलला, स्टार्टर पाच-सहा इनिंगनंतर बाहेर पडू लागले, पण वर्तमानपत्रातला ‘विजय-पराभव’ हा रकाना तसाच राहिला. लक्षात ठेवायला सोपा आणि गप्पांत फेकायला त्याहून सोपा! वर्षाला २० विजय म्हणजे मोठा पिचर, कारकिर्दीत ३०० म्हणजे महान, हे समीकरण पक्कं बसलं.

यावर जुने चाहते एक नाव हमखास काढतात, स्टीव्ह कार्लटन. १९७२ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने अख्ख्या मोसमात ५९ सामने जिंकले आणि त्यातले २७ एकट्या कार्लटनच्या नावावर. ‘खरा पिचर दुबळ्या संघातूनही जिंकतो, बघा!’ असं ते म्हणतात. उदाहरण खरं आहे, पण ते शंभर वर्षांत एखाद्या वेळी घडणारं आहे. अपवादाला नियम करून बाकीच्यांना नापास करायचं, हे मला पटत नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने २१७ इनिंगमध्ये फक्त ४१ अर्न्ड धावा दिल्या. करा बरं गणित: ४१ गुणिले ९ भागिले २१७, म्हणजे १.७०. त्याने सुरू केलेल्या ३२ सामन्यांपैकी मेट्सनी जिंकले किती? १४. त्याच्या नावावर १० विजय, ९ पराभव. मात्र एव्हाना पत्रकार शहाणे झाले होते. ३० पैकी २९ जणांनी त्यालाच पहिली पसंती दिली.

ज्याला चौदा वर्षं थांबावं लागलं

हा शहाणपणा येण्याआधी जे खेळून गेले त्यांचं काय? इथे बर्ट ब्लायलेव्हनची गोष्ट सांगायलाच हवी.

जन्म नेदरलँड्समधला, वाढला कॅलिफोर्नियात. १९७० मध्ये १९ वर्षांचा असताना मिनेसोटा ट्विन्सकडून खेळू लागला आणि २२ मोसम खेळला. त्याचा वळणारा चेंडू, म्हणजे कर्व्हबॉल, फलंदाजांच्या उरात धडकी भरवायचा. १९७३ चं वर्ष बघा: ३२५ इनिंग, ईआरए २.५२, २५८ स्ट्राइकआउट. स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइक झाल्याने फलंदाज थेट बाद. एवढं करून हिशेब काय, तर २० विजय आणि १७ पराभव. पुढच्या वर्षी ईआरए २.६६ आणि १७ विजय, १७ पराभव. लोक म्हणायचे, जितके जिंकतो तितके हरतो, यात काय विशेष?

कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ३,७०१ स्ट्राइकआउट होते. त्या वेळी त्याच्यापुढे इतिहासात दोनच जण होते, नोलन रायन आणि कार्लटन. प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू न देता पूर्ण केलेले सामने ६०. आणि विजय? २८७. तीनशेला तेरा कमी. साय यंग पुरस्कार एकदाही नाही. १९८६ मध्ये मात्र त्याने एका मोसमात ५० होमरन दिले, तो विक्रम झाला, आणि लोकांच्या लक्षात नेमकं तेच राहिलं.

बेसबॉलचा सर्वोच्च मान म्हणजे हॉल ऑफ फेम. त्यासाठी ज्येष्ठ क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात आणि त्या काळी उमेदवाराला जास्तीत जास्त पंधरा वर्षं मिळत. १९९८ मध्ये ब्लायलेव्हनला मिळाली १७.५ टक्के. पुढच्या वर्षी आणखी घसरून १४.१. मग रिच लेडरर नावाच्या एका आकडेप्रेमीने लेखामागून लेख लिहून दाखवायला सुरुवात केली, की या माणसाच्या मागे धावा करणारे फलंदाज नव्हते, एवढाच त्याचा दोष. हळूहळू मतं फिरली. २०१० मध्ये फक्त पाच मतांनी हुकलं! अखेर २०११ मध्ये, चौदाव्या खेपेला, ७९.७ टक्के मतांनी त्याची निवड झाली. ज्या वडिलांनी लहानपणापासून त्याला बेसबॉलसाठी पाठबळ दिलं, ते हा दिवस पाहायला हयात नव्हते.

ब्लायलेव्हनच्या नशिबी उशीर होता. योहान सांतानाच्या नशिबी तोही नाही. २००४ आणि २००६ अशी दोन साय यंग त्याने जिंकली. मधल्या २००५ मध्ये त्याचा ईआरए २.८७ आणि विजय १६ होते. पुरस्कार मात्र ३.४८ ईआरए आणि २१ विजय असलेल्या बार्तोलो कोलोनला गेला. नाहीतर सलग तीन झाली असती. पुढे खांद्याच्या दुखापतींनी कारकीर्द लवकर आटोपली आणि २०१८ च्या मतदानात २.४ टक्के मतं पडून त्याचं नाव पहिल्याच वर्षी यादीतून गळालं. तिसरं साय यंग असतं तर इतक्या सहज गळालं असतं का? मला नाही वाटत.

वेगाची भूल

विजयाच्या रकान्याशिवाय आणखी एक कारण आहे, आणि ते डोळ्यांचं आहे. ताशी १६० किलोमीटरचा चेंडू आणि हवेत फिरलेली बॅट बघून मैदान दणाणतं. फलंदाजाने चेंडू मारला, तो सरळ क्षेत्ररक्षकाकडे गेला आणि तो बाद झाला, तर टाळ्या क्षेत्ररक्षकाला! शिकागो व्हाइट सॉक्सचा मार्क बर्ली असाच होता. चेंडू संथ, पण अचूक. कॅचरकडून चेंडू आला की लगेच पुढचा टाकायचा, त्यामुळे त्याचे सामने लवकर संपत. २००१ ते २०१४ अशी सलग चौदा वर्षं त्याने दरवर्षी २०० च्या वर इनिंग टाकल्या. पंधराव्या, शेवटच्या वर्षी तो १९८ आणि दोन तृतीयांश इनिंगवर थांबला. चार बाद कमी पडले! २००९ मध्ये त्याने ओळीने सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद करून ‘परफेक्ट गेम’ही टाकला. तरी २०२१ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्या मतदानात त्याला मिळाली ११ टक्के मतं. रोज वेळेवर येणाऱ्या एसटीची बातमी होत नाही, तसंच हे.

स्वाध्याय

१९८७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या नोलन रायनच्या नावावर ८ विजय आणि १६ पराभव लागले. त्याने २११ आणि दोन तृतीयांश इनिंगमध्ये ६५ अर्न्ड धावा दिल्या. त्याचा ईआरए काढा. (अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर करायला विसरू नका.) त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये याहून कमी ईआरए कोणाचाच नव्हता. उत्तर वहीत लिहा आणि त्याच्या खाली, फक्त विजय-पराभव वाचणाऱ्या चाहत्याला ते कसं समजावून सांगाल, ते चार-पाच वाक्यांत लिहा.