गोदामापुढची हिरवळ : गवताऐवजी रतवेल

व्यापाराच्या पानावर बागेची गोष्ट कशाला, असे वाचक बांधवांना वाटेल. कारण धूळ. कारखान्यापुढे उघडी माती असली की मार्च-एप्रिलच्या वाऱ्याने ती थेट गठ्ठ्यांवर येऊन बसते. पांढऱ्या टेरी टॉवेलवर एक बोट उमटले तरी गिऱ्हाईक माल बाजूला काढते.

म्हणून मीही गोदामापुढे 1,000 चौरस फूट लॉन लावून घेतले. महिनाभर शोभा आली, मग उन्हाळा आला. तेव्हा जो हिशेब केला तो आधी करायला हवा होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 1,000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. आपल्या चाळिशीपार उन्हात दिवसाला 5 मिलिमीटर धरले तरी रोज 465 लिटर, म्हणजे महिन्याला 5,000 लिटरचे जवळजवळ तीन टँकर! ज्या सोलापूरने नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची वर्षे काढली, तिथे हे परवडावे कसे? मे महिन्यात लॉन जळाले.

उपाय ओढ्याकाठी उगवतो. रतवेल, म्हणजेच जलपिंपळी. शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. ती जमिनीला चिकटून पसरते, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते, कापणीही क्वचितच लागते. जपानने हिचेच निवडक वाण ‘कुरापिया’ नावाने बाजारात आणले. कॅलिफोर्नियात लोक ते पैसे मोजून लावतात आणि आपण आपली रतवेल तुडवत जातो.

जूनमध्ये जमीन खणून, हरळीच्या मुळ्या वेचून, शेणखत मिसळावे. दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे वीतभर अंतरावर लावावेत. पहिले दोन-तीन महिने पाणी आणि खुरपणी चुकवू नये. इथेच बहुतेकांचे काम फसते. मुळे खोल गेली की गवतापेक्षा पुष्कळ कमी पाण्यात ती तगते. मशिदीच्या आवारात वुजूचे बिनसाबणाचे पाणी तिला सहज देता येईल.

दोषही सांगतो. फुलांवर मधमाश्या येतात, म्हणून मुले अनवाणी खेळतात तिथे लावू नये. शेताच्या बांधावर तर नकोच. ऑस्ट्रेलियात नदीकाठच्या कुरणांत हिच्या जवळच्या भाऊबंद प्रजातीने मोठा उपद्रव केला आहे. नर्सरीवाला पिवळ्या फुलांचे वेडेलिया गळ्यात मारील, पण ते जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे. कडक उन्हाच्या कडेला चिनी गुलाब चालेल, मात्र त्यावर पाय देता येत नाही. रतवेल जाता-येता पडणारे पाऊल सोसते, हातगाडी नाही. गाडीच्या वाटेवर शहाबादी फरशीच टाकावी.